शुक्रवारी अर्धं राहिलेलं कीर्तन

पोटासाठी काय करत होतात असं कोणी विचारलं आणि मी "कीर्तन" म्हटलं, की माणूस आधी माझ्या गळ्याकडे बघतो. तिथे माळ नसते. मग तो नाव विचारतो. नाव ऐकलं की म्हणतो, "म्हणजे तुम्ही किरिस्ताव? आणि कीर्तन?" हा संवाद माझ्या आयुष्यात इतक्या वेळा झाला आहे की हल्ली मी मधली वाक्यं गाळून सरळ शेवटाला येतो. होय, ख्रिस्ती कीर्तनकार. पगडी, उपरणं, झांज, पेटी, तबला, सगळं तुमचंच. आख्यान येशूचं. या अंकाच्या संपादकांनी धंद्याबद्दल लिहा म्हणून लकडा लावला, तेव्हा त्यांनाही मला पहिल्यापासून सगळं समजावून सांगावं लागलं. आणि ते स्वतः दर रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात पुढच्या बाकावर बसतात.

तर धंदा असा. कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात एखादं वचन घ्यायचं आणि ते उलटंसुलटं करून लोकांच्या गळी उतरवायचं. उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. लोक येतात ते गोष्टीसाठी. पूर्वरंगात बाया मुलं निजवून घेतात आणि पुरुष तपकीर ओढतात. शेवटी आरती, की झालं. मिशननं मला विसाच्या सालानंतर नेमलं आणि कुलाबा जिल्ह्याचा किनारा माझ्या गळ्यात घातला. रेवसपासून मुरुडपर्यंत खाडी लागली तर होडी, मिळाली तर बैलगाडी, आणि बहुतेक वेळा आपले पाय. बरोबर तबल्याला दानियल. गोल माणूस, होडीत पाय टाकला की डोळे मिटून जो बसायचा तो दुसऱ्या काठाला उघडायचा. खाऱ्या हवेत तबला उतरतो. तो शेकायच्या निमित्तानं दानियल कुठल्याही घरच्या चुलीपाशी जाऊन बसायचा आणि चुलीवर काय शिजतंय ते बघून यायचा.

आमच्यातले काही गोरे साहेब म्हणायचे, हे नाटक आहे, धर्म नव्हे. काही हिंदू मंडळी म्हणायची, आमचं पळवलंत. दोघांनाही मी नम्रपणे नमस्कार करायचो आणि गावात जो पेटीवाला मिळेल त्याला सूर धरायला सांगायचो.

मला ही विद्या पालीच्या एका वृद्ध हरिदासांनी शिकवली. त्या काळी मला घरात घेणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून ते स्वतः बाहेर ओटीवर येऊन बसायचे. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी अंगावर उडालं तरी उठायचे नाहीत. त्यांनी मला पुष्कळ शिकवलं, पण एक नियम मात्र कान धरून शिकवला. "वेळ संपली तर आख्यान कुठेही आवरतं घे. पण देवाला संकटात टाकून झांज खाली ठेवायची नाही." ज्यांच्या घरी पोथी वाचली जाते त्यांना हे वेगळं सांगायला नको. अध्याय वाईट जागी संपला तर पुढच्या अध्यायाच्या दोन ओव्या वाचून मगच पोथी बांधतात. ऐकणाऱ्याच्या घरावर ती वाईट जागा येऊन बसू नये, एवढाच हेतू.

आता आख्यानाबद्दल. शुभवर्तमानं चार आहेत. एकाच माणसाची गोष्ट चार वेळा कशाला, असं बाहेरचे लोक विचारतात. मी त्यांना सांगतो, आख्यान एक, बुवा चार. पहिला बुवा वंशावळीपासून सुरू करतो, हा त्याचा बाप, तो त्याचा बाप. श्रोते जांभया देऊ लागले तरी त्याला घाई नाही. तिसरा घरगुती. पाळणा, गोठा, मेंढपाळ, हरवलेलं नाणं शोधत घर झाडणारी बाई. त्याच्या कीर्तनाला बायांची गर्दी. चौथा एकदम आभाळातून बोलतो, जग व्हायच्या आधी काय होतं तिथून. त्याला वेदान्त ऐकलेले म्हातारे माना डोलावतात. राहिला दुसरा, मार्क. त्याला वेळच नाही. जन्म नाही, बारसं नाही, येशू थेट नदीवर येऊन उभा. लगेच हे झालं, लगेच ते झालं, लगेच होडीत बसून पलीकडे गेले. किनाऱ्यावरच्या माणसाला भरती-ओहोटी सांभाळून ऐकायचं असतं, म्हणून मी मार्क धरला.

हा मार्क वाचायला सोपा आणि पचायला जड. त्याच्या पहिल्या अर्ध्यात येशू रोगी बरे करतो, वादळ गप्प करतो, आणि ज्याला बरं केलं त्याला बजावतो की कोणाला सांगू नकोस. तो बाहेर पडतो आणि गावभर सांगतो. शिष्यांना तर पहिल्यापासून काही म्हणजे काही कळत नाही. दुसऱ्या अर्ध्यात येशू म्हणतो, मी आता दुःख सोसणार, मरणार. तुमच्यात ज्याला मोठं व्हायचं असेल त्यानं सगळ्यांचा चाकर व्हावं. शिष्य वाटेत भांडत असतात की आपल्यात मोठा कोण. मग क्रूस. तिथून पुरुष पसार, काही बाया तेवढ्या लांबून बघत उभ्या. आणि शेवट असा की तिसऱ्या दिवशी त्या बाया कबरेपाशी जातात, धोंडा सरकलेला दिसतो, आतला तरुण सांगतो की तो उठला आहे आणि तुमच्या पुढे आपल्या मुलखात, गालीलात, जातो आहे. आणि बाया घाबरून पळत सुटतात, कोणाला काही सांगत नाहीत. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत गोष्ट इथेच संपते, असं आमचे अलिबागचे पाद्रीबाबा सांगायचे. मला आपलं वाटायचं, हा कसला बुवा, आरती न करताच उठून गेला.

लोक हे ऐकून काय म्हणतील याचा कधीच नेम नसायचा. अलिबागच्या कोर्टातला एक ख्रिस्ती पट्टेवाला होता. चाकर तो मोठा, हे माझं निरूपण ऐकून कीर्तनानंतर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बुवा, मी तर मोठा झालेलाच आहे. हे साहेबाला ऐकवायची काहीतरी सोय करा." किहीमला एका म्हाताऱ्या नाखव्यानं मला भर कीर्तनात अडवलं. येशूनं हाक मारल्याबरोबर दोन भाऊ बापाला होडीत सोडून त्याच्यामागे गेले, असं मी मोठ्या झोकात सांगत होतो. म्हातारा उठला. "बापाला होडीत टाकला? जाळ्यासकट?" मी म्हटलं, "गडी होते ना बरोबर." तो म्हणाला, "गडी पगार घेल. बापाला पानी दील का?" श्रोते हसले. मला हसू आलं नाही. येशूच्या मागे जाण्याची किंमत कोणीतरी होडीत मागे राहून चुकती करतं, हे मी इतकी वर्षं गाऊन गेलो होतो आणि मनात आणलं नव्हतं. त्यानंतर त्या बापासाठी मी एक पद रचलं आणि प्रत्येक वेळी म्हटलं.

पण सांगायची आहे ती जानाबायची गोष्ट.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आधी दोन-एक वर्षं असतील. अलिबागपासून तास-दीड तासाच्या वाटेवर एका कोळीवाड्यालगत मिशनची लहानशी शाळा होती, शाळेतच रविवारची उपासना. ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पाद्रीबाबांनी त्या वर्षी पवित्र सप्ताहात माझं कीर्तन तिथे लावलं. गुरुवारी शेवटचं भोजन, शुक्रवारी दुपारी क्रूस, रविवारी सकाळी पुनरुत्थान. पाद्रीबाबा मराठीच, करड्या दाढीचे, शिस्तीचे. त्यांनी मला बजावलं होतं, "शुक्रवारी कबरेवर धोंडा लावलात की संपवायचं. आरती नाही, पद नाही. लोकांनी मुकाट्यानं घरी जायचं." मी मान डोलावली. पालीच्या गुरुजींचा नियम आठवला नाही असं नाही, पण पगार मिशनचा होता.

शुक्रवारी शाळेपुढच्या मांडवात आमचे ख्रिस्ती बसले होतेच, पण त्यांच्या तिप्पट कोळी मंडळी होती. कीर्तन म्हटल्यावर कोळी कोणाचं ते विचारत नाही. पुढेच जानाबाय बसली होती. पन्नाशीची, काळीसावळी, बाजारात तिच्या आवाजाला गिऱ्हाईक वचकून असायचं. त्या दिवशी मात्र गप्प होती, केस मोकळे. तिचा थोरला, पोशा, सुकी मासळी घेऊन मचव्यातून मुंबईला गेला होता आणि बुधवारी यायचा तो आला नव्हता. माणूस दर्यावर अडकला की घरातली बाई वेणी घालत नाही, अशी त्या वाडीची रीत. वारा पडला असेल, असं जो तो तिला सांगत होता.

मी सांगायला लागलो. रात्रीची बाग, तिथे येशूची धरपकड, शिष्यांची पळापळ. पट्टशिष्य पेत्रानं मी याला ओळखतच नाही असं तीनदा सांगितलं तिथे नेहमीप्रमाणे लोक कळवळले. मग क्रूस. भर दुपारी अंधार, आणि त्या अंधारात येशूची ती हाक, देवा, तू मला का सोडलंस. माझा गळा त्या दिवशी चांगला लागला होता. मग कबर, धोंडा. मी झांज खाली ठेवली. दानियलनं तबल्यावर फडकं टाकलं. आमचे लोक उठून मुकाट्यानं निघाले. कोळी मंडळी जागची हलली नाहीत.

जानाबाय म्हणाली, "पुढं?"

"पुढचं रविवारी, बाई."

"रविवारी?" तिला वाटलं मी थट्टा करतो आहे. "द्येवाला धोंड्याखाली ठेवून तू घरा जाशील? जेवशील?"

पाद्रीबाबा पुढे झाले आणि समजुतीनं म्हणाले, "बाई, आमच्यात आज इथेच थांबतात. उद्याचा दिवसही थांबतात. थांबणं हाच त्याचा अर्थ आहे."

"मना थांबायला शिकवतंस, बाबा? मी बुधवारपासून थांबलेय." तिचा आवाज बाजारातला झाला. "माझा पोर दर्यावर हाय. तुमी आज गोष्ट हितं मोडलीत, तर ती जाऊन त्याच्यावर बसंल. ते मना चालायचा न्हाय. पुरी करा."

मागून बायांनी तिला साथ दिली. कोणी उठायला तयार नव्हतं. पाद्रीबाबांनी मला बाजूला शाळेच्या भिंतीपाशी नेलं. मला वाटलं आता नियम ऐकवणार. त्यांनी नियमाचं नावही काढलं नाही. म्हणाले, "बुवा, तुम्ही आज येशूला उठवलंत, तर ती बाई समजेल की तिचा पोरगा आला. आणि नाही आला, तर? मग तिच्या लेखी येशूही उठला नाही. तेवढं ओझं त्या गोष्टीवर टाकायचं का, ते तुम्ही ठरवा."

आजवर माझ्या धंद्याबद्दल कोणी इतकं खरं बोललं नव्हतं. एका कानात पाद्रीबाबा, दुसऱ्या कानात पालीची ओटी, आणि समोर केस मोकळे सोडून बसलेली आई. शेवटी मांडवात आलो आणि उभा न राहता तिच्यासमोर खालीच बसलो. म्हटलं, "जानाबाय, पुढचं सांगतो. पण एक ऐक. ही गोष्ट येशूची आहे. पोशाच्या मचव्याचं ती काही सांगत नाही. ते मला ठाऊक नाही."

"तू सांग रे," ती म्हणाली.

मी मार्कासारखंच सांगितलं. पद नाही, चाल नाही. बाया सकाळी निघाल्या, वाटेत त्यांना एकच काळजी, धोंडा कोण सरकवणार. जाऊन बघतात तो धोंडा बाजूला. तो इथे नाही, पुढे गेला आहे, असं त्यांनी ऐकलं. आणि त्या भ्याल्या, पळाल्या, आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. संपलं.

जानाबायनं विचारलं, "कोनालाच बोलल्या न्हाय?"

"नाही."

"मंग तुला कसा कळला?"

मी पाद्रीबाबांकडे बघितलं. पाद्रीबाबांनी दानियलकडे बघितलं. जानाबायनंच आम्हाला सोडवलं. "बोलल्या असतील. बाया भ्याल्या तरी बोलतात. जरा दम खाऊन बोलतात." असं म्हणून ती उठली, लुगडं झाडलं आणि किनाऱ्याकडे चालू लागली. तिच्यामागे सगळी वाडी उठली.

मचवा शनिवारी दुपारी आला. मांडवा बंदराच्या पुढे डोलकाठी मोडली होती, उरणच्या एका मचव्यानं ओढून आणला. पोशा हसतच उतरला. रविवारी सकाळी माझ्या कीर्तनाला बसायला जागा नव्हती आणि दानियलच्या पिशवीत पापलेटं मावत नव्हती.

तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. बुवाच्या गोष्टीनं मचवा ओढून आणला, असं वाडीनं ठरवून टाकलं. कोणाची होडी अडकली की मला बोलावणं. मग होडीवरून गोष्ट पुढे गेली. एकाची म्हैस हरवली, एकाचा अलिबागच्या कोर्टात जमिनीचा दावा, एकीला मूल होत नव्हतं. सगळ्यांना शुक्रवारचं आणि रविवारचं एका दमात हवं. मी जीव तोडून सांगायचो की बाबांनो, माझ्यात काही नाही, त्या गोष्टीत असलं काही नाही. जितकं नाही म्हणावं तितकं त्यांना ते खरं वाटायचं. बरं केलेल्या माणसाला येशू कोणाला सांगू नकोस का म्हणायचा, ते मला तेव्हा कळलं. लोकांना बरं करणारा हवा असतो. क्रूसावरचा कोणी मागत नाही. पाद्रीबाबा म्हणायचे, "मी तुम्हाला भिंतीपाशी काय सांगितलं होतं?" आणि एवढ्यावरच थांबायचे, हा त्यांचा मोठेपणा.

जानाबायनं बाप्तिस्मा घेतला नाही. घरात एकवीरा आईचा देव्हारा होता तो होताच. पण अलिबागच्या बाजाराला आली की पाटी रिकामी करून आमच्या दाराशी टेकायची, माझ्या बायकोशी दोन गोष्टी बोलायची आणि उठताना विचारायची, "तुझा द्येव बरा हाय ना?" मी हो म्हणायचो.

पुढे एका वर्षी वैशाख सरता सरता, होड्या वर ओढायच्या बेतात असताना, पोशाची होडी बाणकोटच्या बाजूला वाऱ्यात सापडून उलटली. बाकीचे फळ्यांना धरून वाचले. पोशा मिळाला नाही. काही दिवसांनी तिच्या दिरानं येऊन निरोप दिला, वहिनीनं बोलावलंय, झांज घेऊन ये म्हणाली.

दानियल कधी नव्हे तो गंभीर झाला. "बुवा, जाऊ नका," तो म्हणाला. "ती तुमच्याकडे पोरगा मागणार. कुठून द्याल?" मी पाद्रीबाबांना जाऊन सांगितलं. ते तेव्हा थकले होते, फार चालवत नव्हतं. त्यांनी काठी घेतली आणि आमच्याबरोबर निघाले. वाटभर मी मनाशी जुळवाजुळव करत होतो. जगातली सगळी आशेची वचनं मी त्या वाटेवर आठवली. एकही तिच्या घरात बोलण्यासारखं वाटेना.

तिच्या अंगणात वाडी जमली होती. आत सून कोणाच्या तरी मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मला बघून एक जण मोठ्यानं बोलला, "मागं आनलास. आता कंदी आनतोस?" त्याला कोणी गप्प केलं नाही. मलाही त्याचा राग आला नाही. जानाबाय बाहेर भिंतीला टेकून बसली होती. ती रडली नव्हती, पोशा गेल्यापासून एकदाही नाही, असं दीर वाटेत म्हणाला होता. मी समोर बसलो आणि कसाबसा म्हणालो, "जानाबाय, धोंडा सरकला तिथून सांगू?"

"नको," ती म्हणाली. "शुक्करवारचा सांग. रविवारचा नको मना आज."

मी पाद्रीबाबांकडे बघितलं. त्यांनी होकाराची मान हलवली. मी सांगायला लागलो. झांज आणली होती ती तशीच मांडीवर राहिली. बाग, धरपकड, पळापळ. मग क्रूस, अंधार. ती हाक आली तशी तिनं हात वर केला.

"थांब. द्येवाला इचारला त्यानं? का सोडलास म्हनून?"

"हो."

"द्येवाचा पोर होऊन?"

"हो, जानाबाय."

"मंग द्येव कं बोलला?"

खोटं बोलायची सोय मार्कानं ठेवलेली नाही. मी म्हटलं, "काही नाही. काही बोलला नाही."

"काय न्हाय," ती स्वतःशीच म्हणाली. मग म्हणाली, "मंग मी इचारला तर त्याला राग न्हाय यायचा." आणि तिनं विचारलं. तिच्या भाषेत, तिच्या आवाजात, समुद्राकडे तोंड करून, एकवीरेला की येशूला ते मला कळलं नाही आणि विचारण्याची माझी पात्रता नव्हती. मग ती रडली. आतून सून धावत आली आणि तिच्या गळ्यात पडली. सगळ्या बाया रडल्या. मघाशी मला बोलला तो माणूस तोंड फिरवून उभा राहिला. पाद्रीबाबा काठी टाकून तिथेच वाळूत बसले.

मी तिथेच थांबलो. धोंड्यापर्यंतही गेलो नाही. देवाला क्रूसावर तसाच ठेवून मी उठलो. पालीचे गुरुजी तेव्हा हयात नव्हते. असते तर त्यांना काय सांगितलं असतं याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. त्यांचा नियम ऐकणाऱ्याच्या भल्यासाठी होता, आणि त्या दिवशी ऐकणारीचं भलं कशात होतं ते तिनंच ठरवलं होतं, एवढंच सांगितलं असतं.

आम्ही श्रद्धावंत माणसं या गोष्टीचा शेवट आधीच जाणतो, आणि तेच कधी कधी आमच्या आड येतं. कोणाच्या घरी मरण झालं की आम्ही घाईघाईनं रविवार घेऊन धावतो. मीही पंधरा वर्षं तेच केलं, पेटी-तबल्यासकट. देवाच्या मुलानंही का म्हणून विचारलं आणि त्याला उत्तर मिळालं नाही, हे शुभवर्तमानात लिहिलेलं आहे. ते कोणी खोडलं नाही, लपवलं नाही. ज्याच्या घरात उत्तर नाही त्याच्या शेजारी देव येऊन बसतो, आणि तोही तेच विचारतो. माझा येशूवर आधी विश्वास होता. त्या अंगणानंतर मला त्याच्यावर माया बसली. याहून नीट मला सांगता येत नाही.

पावसाळाभर जानाबाय बाजारात दिसली नाही. मी दोनदा वाडीवर जाऊन आलो. ती चहा द्यायची, पावसाचं बोलायची. मी गोष्टीचं नाव काढलं नाही. मिशनच्या वरच्या साहेबांनी विचारलं, त्या वाडीवरच्या कामाची प्रगती काय? मी म्हटलं, चालू आहे.

नारळी पुनव झाली. समुद्राला नारळ देऊन होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी जानाबाय पाटी घेऊन आमच्या दारात उभी. पाटीत मासळी तशीच होती, बाजारात गेलीच नव्हती. केस विंचरलेले होते. मी बायकोला हाक मारली, पण ती बसली नाही. म्हणाली, "धाकला आज गेला दर्यावर. मीच म्हनली जा."

"बरं केलंस," मी म्हटलं.

ती उंबऱ्याला धरून उभी राहिली. तोंडावर घाम होता, वाडीपासून कुठे न थांबता आली असावी. म्हणाली, "बुवा, आता पुढचा सांग."

मी खुंटीवरची पगडी काढायला वळलो, दानियलला हाक मारणार होतो.

"त्याला नको," ती म्हणाली. "पगडी नको, झांज नको. नुसता सांग."

मग मी तिला दाराशी बसवलं आणि पहिल्यापासून, त्या बाया घरून निघाल्या तिथपासून, सांगायला लागलो.